भोंगा, घड्याळ आणि संगणक

मंडळाच्या कपाटात वर्गणीच्या जुन्या वह्या आहेत. यंदा स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे संपादकांनी सांगितले, तेव्हा त्या चाळायला घेतल्या. नाव, रक्कम आणि पुढे 'कोठे असतात' असा एक रकाना. जुन्या पानांवर या रकान्यात एचएएल, आयटीआय, बीईएल, एचएमटी, रेल्वे आणि गलाई, एवढीच पाच-सहा नावे पुन्हापुन्हा येतात. पुढच्या वह्यांत ती विरळ होत जातात आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची नावे सुरू होतात. अगदी अलीकडे तो रकानाच गेला, त्या जागी मोबाईल नंबर आला. आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या वह्यांत वर्गणीदार म्हणून बाईचे नाव क्वचितच आहे. जिथे आहे तिथे पुढे बहुधा 'शिक्षिका', 'बँक' किंवा 'घड्याळ कारखाना' असे लिहिलेले.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. रूळ, स्लीपर आणि खडी हा माझा विषय, शिक्षण डिप्लोमा. पण तो रकाना बघताना एक प्रश्न मनात आला आणि तो काही पाठ सोडेना. दहावीचा मुलगा किंवा मुलगी 'मला अमुक व्हायचंय' असे म्हणते, ते 'अमुक' येते कुठून? आपण त्याला आवड म्हणतो, कल म्हणतो, त्यासाठी पैसे भरून चाचण्याही करून घेतो. मला वाटते, निम्म्याहून अधिक ते गल्लीच्या टोकाला जे दिसते त्यातून येते. आणि एकाच घरातल्या भावाला आणि बहिणीला त्याच गल्लीच्या टोकाला वेगवेगळे दिसते. आपल्या बंगळूरचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास याचा चांगला पुरावा आहे.

शहाजीराजांना १६३८ साली बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस इथे आहे हे आपण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकतो. त्या काळी पोराने काय व्हायचे हा प्रश्नच नव्हता. शिलेदाराचा मुलगा शिलेदार, रंगाऱ्याचा रंगारी, शिंप्याचा शिंपी. प्रश्न निर्माण झाला तो गावात 'नोकरी' नावाची वस्तू आली तेव्हा.

मुलींच्या बाजूने या इतिहासातली पहिली ठळक नोंद मराठीच आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेली कमला भागवत नावाची मुलगी इथल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, प्रवेश मागायला आली. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. ही बाई हटली नाही. शेवटी एक वर्ष अजमावून पाहू, तुमच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर तिला आत घेतले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकही झाल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. त्यांच्या जिद्दीबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, ते योग्यच. मला मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि याच संस्थेत शिकलेले होते. म्हणजे ते दार कमलाबाईंना लहानपणापासून घरातून दिसत होते. बंद आहे हे पुढे कळले, पण दार आहे हे माहीत होते! त्या काळच्या लाखो मुलींना ते दार आहे हेच ठाऊक नव्हते, मग ठोठावणार कोण?

कारखान्यांचे बंगळूर घडले ते सात वर्षांनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. मागोमाग १९४८ ला टेलिफोनची आयटीआय, १९५३ ला एचएमटी, १९५४ ला बीईएल. रेल्वेवाल्यांसाठी एक माहिती सांगतो. एचएएल विमानांबरोबर रेल्वेचे डबेही बनवीत असे, आणि तोच डब्यांचा विभाग वेगळा होऊन १९६४ मध्ये बीईएमएल झाली. आज मेट्रोत बसता तिचे डबे बनवणाऱ्या कंपनीचे मूळ विमानाच्या कारखान्यात आहे.

या कारखान्यांनी पगाराबरोबर पोरांना एक आखीव रस्ता दिला. कारखान्याची वसाहत, कारखान्याची शाळा, कारखान्याची बस, सकाळचा भोंगा. एसएसएलसी झाली की आयटीआयचा कोर्स (हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, टेलिफोनवाला नव्हे, या दोन आयटीआयंनी नवीन आलेल्या माणसाचा फार गोंधळ होतो), मग अप्रेंटिस, मग टर्नर नाहीतर फिटर. पंधरा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या डब्यात, बूटांत, मित्रांच्या गप्पांत तोच रस्ता दिसत असे. 'तुला काय व्हायचंय?' या प्रश्नाला 'बीईएल' हे उत्तर पुरत असे. व्यवसायाचे नाव सांगावेच लागत नसे. १९८०-८१ च्या हिवाळ्यात या सरकारी कारखान्यांतल्या कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला. तेव्हा शहराचा श्वास अडकला होता असे जुनी मंडळी सांगतात, कारण निम्म्या ओळखीच्या घरांची चूल त्यावर होती.

मुलींचे काय? इथे घड्याळ येते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्या जोडणीच्या बाकांवर मोठ्या संख्येने मुली घेतल्या गेल्या. बीईएलमध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या जोडणीवर आणि आयटीआयमध्ये टेलिफोनच्या कामावरही तसेच. कारण असे दिले जाई की बायकांची बोटे नाजूक, चिकाटी जास्त. बोटांचे हे तत्त्वज्ञान त्या काळी जपानपासून मलेशियापर्यंत सगळ्याच इलेक्ट्रॉनिक कारखान्यांत ऐकू येई. ती बोटे घरी पाटा-वरवंटा ओढताना कुणाला नाजूक वाटली नव्हती, पण ते असो. मुद्दा असा की त्या बाकांमुळे यशवंतपूर-जालहळ्ळी भागातल्या सामान्य घरांतल्या मुलींना शिक्षिका आणि नर्स यांपलीकडचे एक काम पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. शेजारची अक्का कारखान्याच्या बसने जाते, पगाराचे पाकीट घेऊन येते, हे पाहणे शंभर व्याख्यानांपेक्षा मोठे होते.

पण अक्का लेथवर का नव्हती? लोक म्हणतील, मुलींना आवडत नाही. माझ्या मते कायदा बघावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामावर ठेवायला मनाई केली होती. संरक्षणाचा हेतू होता, वाईट नव्हता. परिणाम मात्र असा की मशिनशॉप तीन पाळ्यांत चाले, तिसऱ्या पाळीला न येणारा टर्नर व्यवस्थापनाला नको असे, म्हणून मुलींची भरतीच होत नसे. भरती नाही म्हणून प्रशिक्षणाला मुली नाहीत. प्रशिक्षणाला नाहीत म्हणून 'मुलींना आवडत नाही'. तीस वर्षांत कायद्याचे कलम मुलींचा स्वभाव होऊन बसले.

याच शहरातली १९७४ ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. टाटांच्या टेल्को कंपनीची इंजिनीअर हवेत अशी जाहिरात इन्स्टिट्यूटच्या सूचनाफलकावर लागली, खाली ओळ होती की स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. त्याच पुढे सुधा मूर्ती. या गोष्टीत मला पोस्टकार्डापेक्षा ती ओळ जास्त बोलकी वाटते. ती ओळ छापणाऱ्याला त्यात काही विशेष आहे असे वाटलेही नसेल.

आता थोडे आमच्या मिरजेचे सांगतो, म्हणजे मी हे सगळे का उगाळतो आहे ते कळेल. मिरज म्हणजे जंक्शन. पलीकडे १९१० पासून किर्लोस्करवाडी, जवळ सांगलीचे वालचंद कॉलेज. आमच्या गल्लीतल्या मुलांपुढे तीन रस्ते होते: रेल्वे, किर्लोस्कर नाहीतर पुण्याच्या भोसरी-चिंचवडला जाऊन एखादी कंपनी. तिन्हींना डिप्लोमा चाले. म्हणून मी शासकीय तंत्रनिकेतनात गेलो. मला रुळांची आवड होती असे काही नाही, ती नंतर लागली. आमची ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दहावीला गणितात तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त. तिने डी.एड. केले. तिला कुणी सक्ती केली नाही, तंत्रनिकेतनाला कुणी नाही म्हटले नाही. तो विषयच घरात निघाला नाही. नव्वदच्या दशकात आमच्या जिल्ह्यात हुशार मुलगी म्हणजे डी.एड. हे समीकरण होते, कारण जिल्हा परिषदेच्या शाळांत भरती चालू होती आणि मास्तरीण सून सगळ्यांना हवी होती. ताई उत्तम शिक्षिका झाली. पण दहा-बारा वर्षांनी तेच समीकरण धरून ज्या मुली डी.एड. झाल्या त्यांचे हाल झाले. गावोगाव विद्यालये निघाली होती, २०१० नंतर भरती जवळजवळ थांबली, आणि प्रमाणपत्र हातात घेऊन मुली शिकवण्या घेत बसल्या. बाजार बदलल्याची बातमी घरांत पोहोचायला नेहमी पाच-सात वर्षे उशीर होतो.

त्याच काळात आमच्या शेजारच्या जिल्ह्यात उलटे घडले. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. पुढे गणित घेऊन बी.एस्सी., मग बी.एड. करून शिक्षिका व्हायचे असा त्यांचा बेत होता असे त्यांच्याविषयी प्रसिद्ध झालेल्या माहितीत आहे. मध्येच रेल्वेची जाहिरात आली, अर्ज केला, निवड झाली आणि १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक! २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवून सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. शिक्षिका व्हायचे हे त्यांचे स्वप्न खोटे नव्हते. डोळ्यांसमोर तेच होते, इतकेच. दुसरे दार दिसल्यावर त्या त्यातून गेल्या.

म्हणजे मुलग्यांना रस्ते होते आणि मुलींना नव्हते, म्हणून मुलगे पुढे आणि मुली मागे, असा सरळ हिशेब मांडता येईल का? मीही तसाच मांडत होतो, पण मुंबईचा एक अभ्यास वाचला आणि तो हिशेब उलटला. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातल्या शाळांत १९८२ ते २००१ या वीस वर्षांत प्रवेश घेतलेल्या मुलांची माहिती गोळा केली. त्यांचा निबंध २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दादर म्हणजे गिरणगावाचा शेजार. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या दशकात इंग्रजी येणाऱ्याला कचेऱ्यांत चांगला पगार मिळू लागला. मग आईबापांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले का? मुलींना घातले. कामगार जातींतले मुलगे मात्र मराठी शाळेतच राहण्याचे प्रमाण जास्त होते. कारण मुलग्यांसाठी 'आपली माणसे' होती. गिरणीत, गोदीत, वर्कशॉपमध्ये काका, मामा, गाववाला चिकटवून देणारा होता आणि त्या कामाला इंग्रजी लागत नव्हते. मुलींसाठी असा चिकटवून देणारा कुणीच कधी नव्हता. म्हणून त्यांना जुन्या रस्त्याचे ओझेही नव्हते. त्या नव्या बाजाराकडे आधी वळल्या आणि आपल्याच भावांच्या पुढे गेल्या.

हे वाचले आणि मला आपल्या वह्यांतला 'गलाई' हा शब्द आठवला. आपल्यापैकी नवीन आलेल्या आयटीवाल्यांना कदाचित माहीत नसेल. सांगली जिल्ह्यातले खानापूर आणि आटपाडी हे दुष्काळी तालुके. विट्याच्या आसपासच्या गावांतून माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. केरळपासून दिल्लीपर्यंत असे सराफ बाजाराचे शहर क्वचितच असेल जिथे आपला गलाईवाला नाही. बंगळूरात नगर्तपेठ, चिक्कपेठेच्या बोळांतून जा, मराठी ऐकू येईल. या मंडळींनी दुष्काळावर मात केली, गावात बंगले बांधले, देवळे, शाळा उभ्या केल्या, आपल्या मंडळाच्या वर्गणीतही त्यांचा वाटा मोठा. मी हे कौतुकाने लिहितो. पण त्याच गावांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कळत असे की दहावीला पास झालो काय आणि नापास झालो काय, चुलत्याच्या दुकानावर जायचेच आहे. तेजाबाचा धूर, भट्टी, पोटमाळ्यावर झोपणे, दोन-चार वर्षांत हात बसला की स्वतःचे दुकान. मग अभ्यास कशाला? आमच्या परिचयाच्या एका गलाई कुटुंबात मुलगा अकरावी सोडून दुकानात बसला आणि त्याची बहीण, जिला दुकानात कुणी बसवणार नव्हते, ती इथेच पीयूसी सायन्स, सीईटी करत इंजिनीअर झाली. आता दुकानाचा जीएसटी आणि हॉलमार्कचे कागद तीच रविवारी बघते. भाऊ कष्टाळू आहे, हुशार आहे. त्याला रस्ता तयार मिळाला हेच त्याला नडले की काय, असे कधी कधी वाटते. त्याला विचारले तर तो हसून विषय बदलतो.

तयार रस्ता एका दिवसात संपला तर काय होते तेही आपल्यापासून दोन-अडीच तासांवर बघायला मिळते. कोलार गोल्ड फील्ड्स! १८८० पासून जॉन टेलर कंपनीने तिथे खाणी चालवल्या. १९०२ साली शिवनसमुद्रहून वीज आली ती आधी तिथे, बंगळूरला तीन वर्षांनी. पिढ्यान् पिढ्या बापामागे मुलगा खाणीत उतरला. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या. माझा सेक्शन काही वर्षे बंगारपेठ बाजूला होता. पहाटे ट्रॉली घेऊन निघण्याआधी मारिकुप्पमहून येणाऱ्या गाड्या मी पाहत असे. खाणकामगारांची मुले-मुली खचाखच भरून बंगळूरला कामाला येत, रात्री परत जात. कुणी सिक्युरिटी, कुणी मॉलमध्ये, कुणी रुग्णालयात, कुणी कॉल सेंटरला. एक गोष्ट मला तेव्हा खटकली आणि नंतर समजली. मुली डब्यात पुस्तक, वही काढून काहीतरी करीत असत, आणि त्यांच्या वयाची बरीच मुले दारात उभी राहून खाण परत सुरू होणार असल्याच्या बातमीवर बोलत असत. खाण मुलींची कधीच नव्हती. त्यांना तिची वाट पाहायची गरज नव्हती.

बंगळूरातही भोंगे मंदावले. आयटीआय खंगली. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तोवर संगणक आला होता. १९८३ मध्ये इन्फोसिस पुण्याहून इथे आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. पुढचा इतिहास आपल्यापैकी अर्धे लोक स्वतः जगले आहेत, मी काय सांगावा? मुलींच्या दृष्टीने मात्र संगणकाच्या नोकरीत एक गोष्ट नवी होती. ती कुणाच्या काकाची नव्हती. परीक्षा, मुलाखत, नेमणूक. शिवाय वातानुकूलित कचेरी, कंपनीची गाडी, सासरचेही खूष. २००० नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकाने आयटी आणि कॉल सेंटरना बायकांच्या रात्रपाळीसाठी अटींवर सूट दिली, घरापासून वाहन ही त्यातली मुख्य अट. अलीकडे कारखान्यांनाही अशी मुभा मिळाली आहे. कायदा बदलला तरी भीती लगेच जात नाही. डिसेंबर २००५ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका कॉल सेंटर कर्मचारी तरुणीचा इथे खून झाला, त्यानंतर किती घरांत मुलींचे रात्रीचे काम बंद झाले असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही.

नोकरी नुसती दिसली तरी काय फरक पडतो याचा एक प्रयोग उत्तर भारतात झाला. रॉबर्ट जेन्सन या संशोधकाने दिल्लीभोवतालच्या काही खेड्यांत तीन वर्षे कॉल सेंटरच्या भरतीची माहिती देणारे लोक पाठवले, बाकी खेड्यांत पाठवले नाहीत. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. जिथे माणसे गेली तिथल्या तरुण मुलींची लग्ने पुढे गेली, त्या शिकू लागल्या, कमाऊ लागल्या, आणि लहान मुलींचेही शाळेत जाणे आणि तब्येत सुधारली. गावात कारखाना आला नव्हता, रस्ता झाला नव्हता. फक्त कळले होते.

आता आजचे. या शहरात आपल्या मुलांना गल्लीच्या टोकाला एकच गोष्ट दिसते. गेल्या वर्षी आपल्या गुणगौरव समारंभात स्टेजवर आलेल्या दहावीच्या मुलामुलींना विचारले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी 'कॉम्प्युटर सायन्स' सांगितले. मुलगा-मुलगी असा भेद त्यात उरला नाही ही आनंदाची गोष्ट. पण जुन्या वह्यांतल्या 'बीईएल' सारखेच ते ऐकू आले. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या घटली. दुसरीकडे २०१८ च्या रेल्वे भरतीत सुमारे १ लाख २७ हजार जागांसाठी दोन कोटींहून जास्त अर्ज आले. माझ्या गँगमध्ये बी.ई. झालेली मुले ट्रॅकमेंटेनर म्हणून हातोडा घेऊन रूळ तपासतात, काही मुलीही आहेत. देवनहळ्ळीला २०२५ मध्ये फॉक्सकॉनचा आयफोनचा कारखाना सुरू झाला, तिथल्या जोडणीवर पुन्हा बहुतेक तरुण मुली. साठ वर्षांनी घड्याळाचे बाक परत आले म्हणायचे! तिथले काम कसे, बढती आहे का, हे आपल्या मुलांना माहीत नाही, कारण आपल्यापैकी कुणी तिथे नाही.

ताईची मुलगी, माझी भाची, मिरजेला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात आली होती. तिला लोको पायलट व्हायचे आहे. ताई म्हणाली, 'अरे, तू रेल्वेत आहेस, तूच समजाव हिला.' मला वाटले परीक्षेचा अभ्यासक्रम विचारेल. ती म्हणाली, 'मामा, इंजिनात बाथरूम असतं का?' मी खरे ते सांगितले. बहुतेक इंजिनांत नसते, नव्यांत बसवायला लागले आहेत, महिला चालकांनी हा प्रश्न वारंवार मांडला आहे. रनिंग रूम काही ठिकाणी चांगल्या, काही ठिकाणी नाहीत. रात्री-अपरात्री बोलावणे येते. मग यशवंतपूरला आमच्या एका महिला सहकारी लोको पायलटशी तिची गाठ घालून दिली. दोघी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मला सांगितले नाही, पण परत जाताना तिने अर्जाची तयारी सुरू केली आणि ताईने फोनवर माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

त्यावरून एक सुचवावेसे वाटते. आपल्या मंडळात आज टर्नर आहेत, नर्स आहेत, गलाईवाले, बँकवाले, वैज्ञानिक, शिक्षक, केटरर, वकील आहेत. उत्सवानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, आठवी ते बारावीच्या मुलामुलींना दोन-तीनच्या गटाने एकेक दिवस कामाची जागा दाखवता येईल. मुलींना मशिनशॉप आणि रेल्वे यार्ड, मुलांना रुग्णालयातला वॉर्ड आणि शाळेची शिक्षकखोली अशा मुद्दाम उलट्या जोड्या लावाव्यात असे माझे मत आहे; कार्यकारिणीत त्यावर दोन मते आहेत. परवानग्या लागतील, सगळीकडे मिळणार नाहीत. यलहंक्याच्या रेल्वे चाक कारखान्यासाठी आणि आमच्या डेपोसाठी विचारपूस करायचे मी अंगावर घेतले आहे. ज्यांना आपल्या कामाची जागा दाखवता येईल त्यांनी विसर्जनाच्या आधी कार्यवाहांकडे नाव द्यावे. यंदाच्या वर्गणीच्या वहीत 'कोठे असतात' हा रकाना पुन्हा आखून घेतला आहे, तोही कृपया कोरा ठेवू नये.